परत न दिलेल्या टॅली

माझ्या संग्रहातल्या पहिल्या टॅलीला भोक आहे. पितळेची पातळ चकती, जुन्या चार आण्यांहून थोडी मोठी. एका अंगाला दोन इंग्रजी आद्याक्षरं, दुसरं अंग कोरं. अक्षरांच्या वर, अगदी कडेशी, खिळा ठोकून पाडलेलं भोक. मागच्या बाजूला त्याचा उचललेला काठ अजून बोटाला लागतो. इंग्लंडमधल्या ज्या विक्रेत्याकडून मी ती टपालानं मागवली, त्यानं पाकिटावर पेन्सिलीनं लिहिलं होतं : जमैका, केळी, धक्क्यावरची, भोक असल्यामुळे निम्मी किंमत. नाणी जमवणाऱ्यांच्या जगात भोक म्हणजे व्यंग. लग्नाच्या बाजारासारखंच ते आधी सांगावं लागतं.

मी ती घेतली ती केळ्यांसाठी नव्हे आणि जमैकासाठीही नव्हे. 'टॅली' या शब्दासाठी घेतली. माझे वडील मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होते. जहाजाच्या तोंडाशी उभं राहून चढणारा-उतरणारा माल मोजायचा आणि कागदावर चार उभ्या रेघा ओढून पाचवी आडवी मारायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. घरातही तो शब्द होताच. धोब्याकडून कपडे आले की 'टॅली लागली का?' असं विचारलं जाई. निवृत्तीनंतर ते माझ्याकडे बडोद्याला राहायला आले. चकती आली तेव्हा मी ती त्यांच्या तळहातावर ठेवली आणि विक्रेत्यानं पत्रात कळवलं होतं तेवढं सांगितलं : केळीचा एक घड डोक्यावरून जहाजावर पोचवला की बाईला अशी एक टॅली मिळायची; रात्र संपली की टॅली मोजून द्यायच्या आणि पैसे घ्यायचे. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली. म्हणाले, "मग हिनं ही परत का दिली नाही?"

त्या प्रश्नाला आता सोळा वर्षं झाली. चकत्या एकेचाळीस झाल्या आहेत.

केळ्याचा हा व्यापार सुरू कसा झाला ते थोडक्यात सांगते, कारण ती गोष्ट बऱ्याच ठिकाणी सांगितली गेली आहे. लोरेन्झो डाऊ बेकर हा मॅसॅच्युसेट्सचा कप्तान १८७० साली ओरिनोकोकडून परतताना 'टेलिग्राफ' नावाचं आपलं शिडाचं जहाज घेऊन जमैकाला थांबला आणि तिथून त्यानं केळीचे १६० घड भरून घेतले. अकरा दिवसांनी जर्सी सिटीत ते चांगल्या नफ्यानं विकले गेले. मग तो पुन:पुन्हा आला, आणि बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावरचं पोर्ट अँटोनिओ हे निवांत बंदर केळ्याचं गाव झालं. १८८५ मध्ये बोस्टन फ्रूट कंपनी निघाली, १८९९ मध्ये तिच्यातून आणि कोस्टा रिकात रेल्वे बांधणाऱ्या मायनर कीथच्या कंपन्यांमधून युनायटेड फ्रूट कंपनी झाली. साखरेवर गबर झालेले मळेवाले केळ्याकडे आधी तुच्छतेनं पाहत. ते गरिबांचं, डोंगरउतारावरच्या दीड-दोन एकरवाल्यांचं पीक होतं. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी उसाच्या मळ्यांपासून दूर जाऊन ज्या जमिनी धरल्या, तिथे ते लागत असे. विसावं शतक उजाडेपर्यंत जमैकाच्या निर्यातीत केळ्यानं साखरेला मागे टाकलं होतं. १९३७ साली त्या एवढ्याशा बेटावरून सुमारे २ कोटी ७० लाख घड जहाजांवर चढले.

चढले, म्हणजे कुणीतरी चढवले. त्या काळी जे केळं निर्यात होई त्याची जात 'ग्रो मिशेल'. पुय्या नावाच्या एका फ्रेंच गृहस्थानं ती १८३५ च्या सुमारास मार्टिनिकहून जमैकात आणली असं सांगतात. तिची साल जाड आणि घड भरदार, म्हणून खोक्यात न भरता अख्खा घड तसाच पाठवता येई. मोठा घड पंचवीस-तीस किलोंचा. फळ हिरवंच कापायचं आणि कापल्यापासून दिवसभरात, फार तर दोन दिवसांत जहाजात पोचवायचं, नाहीतर ते वाटेतच पिकू लागणार. म्हणून जहाज येणार अशी खबर आली की बेटाच्या त्या भागात धावपळ उडे. गाड्या, खेचरं, आगगाडीचे डबे, सगळे धक्क्याकडे. मग रात्रभर दिव्यांच्या उजेडात माणसांची रांग हलत राही. पोर्ट अँटोनिओची जुनी छायाचित्रं आणि पोस्टकार्डं पाहिली तर रांगेत बायकाच जास्त दिसतात. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर आडवा घड, एक हात वर टेकलेला, पाय बहुधा अनवाणी. टॅली क्लार्क घडाकडे बघून पुकारा करतो आणि चकती देतो. बाजूला एकजण कोयत्यानं देठाचं वाढलेलं टोक छाटत असतो. घड जहाजाच्या पोटात उतरतो, बाई रिकाम्या डोक्यानं परत रांगेच्या शेपटाशी.

हे दृश्य जगाला माहीत झालं ते एका गाण्यामुळे. हॅरी बेलाफॉन्टेचं 'डे-ओ' १९५६ मध्ये अमेरिकेत आलं, आपल्याकडेही रेडिओवर आणि पिकनिकच्या बसमध्ये वाजलं. त्याआधी १९५२ मध्ये त्रिनिदादच्या एड्रिक कॉनरनं ते ध्वनिमुद्रित केलं होतं, आणि त्याही आधी ते जमैकाच्या धक्क्यावरच्या लोकांचं होतं. रात्रभर राबलेले लोक टॅलीवाल्याला हाक मारून सांगतात की उजाडलं, आता आमचे घड मोज, घरी जायचंय. मी ते कॉलेजात असताना कितीदा तरी म्हटलं, टाळ्या वाजवत. ते मजुरी मागणारं गाणं आहे हे कळायला ही चकती हातात यावी लागली.

त्या गाण्यात घडांचे आकडे येतात, सहा, सात, आठ. बेलाफॉन्टेच्या तोंडी ते फूट होतात. जमैकन रूपांत 'हात' असं ऐकू येतं, आणि तेच अर्थाला धरून आहे. इंग्रजीत ज्याला केळ्याचा हात म्हणतात त्याला आपण फणी म्हणतो. जळगाव-रावेरकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला घडाला किती फण्या हे विचारा, तो न बघता सांगेल. जमैकात नऊ किंवा त्याहून जास्त फण्यांचा घड हा हिशेबात 'एक' धरत. आठ फण्यांचा घड म्हणजे पाऊण. सात फण्यांचा अर्धा. सहाचा पाव. हा दर शेतकऱ्याला मिळणाऱ्या पैशांचा. सात फण्यांच्या घडात नऊच्या घडातल्या फण्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून जास्त फण्या असतात, पण पैसे निम्मे. सहाच्या घडात दोन-तृतीयांश, पण पैसे पाव. कंपनीकडे याला कारण होतं. लहान घडाची केळी बारीक, आणि घडामागे जहाजातली जागा मात्र जवळपास तेवढीच. तरीही गाण्यातले ते सहा-सात-आठ आता ऐकताना माझ्या मनात हिशेब सुरू होतो : पाव, अर्धा, पाऊण. पूर्ण 'एक' त्या आकड्यांत येतच नाही.

वडिलांना हा दर मी कागदावर मांडून दाखवला होता. ते म्हणाले, "मोजणाऱ्याचं काम मोजायचं. एक कशाला म्हणायचं ते दुसराच कुणीतरी ठरवतो." त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, ती धंद्यातली माहिती होती.

आता वस्तूंकडे वळते. या चकत्यांवर बहुधा काहीच लिहिलेलं नसतं, ही पहिली निराशा. आद्याक्षरं, एखादा आकडा, क्वचित मळ्याचं किंवा व्यापाऱ्याचं नाव. देश नाही, साल नाही, किंमत तर जवळजवळ कधीच नाही. किंमत नसण्याचं कारण उघड आहे : दर बदलला तरी चकत्या त्याच वापरता येतात. आकाराला ताळमेळ नाही. गोल, चौकोनी, अष्टकोनी, कोपरे कापलेल्या. धातू म्हणाल तर पितळ, तांबं, जस्त, आणि नंतर ॲल्युमिनियम. १८८६ साली विजेच्या मदतीनं ॲल्युमिनियम काढण्याची रीत सापडली, आणि तोवर चांदीच्या पंक्तीला बसणारा तो धातू पुढच्या काही वर्षांत पत्र्याच्या भावात आला. माझ्याकडच्या ॲल्युमिनियमच्या नऊ चकत्यांबद्दल मला निश्चित सांगता येतं ते एवढंच, की त्या त्यानंतरच्या आहेत. वजनाला इतक्या हलक्या की पंखा चालू असला तर टेबलावरून सरकतात. तीस किलोंच्या ओझ्याची ही पावती.

रॉबर्ट लायल यांनी ब्रिटिश कॅरिबियन आणि बर्म्युडातल्या अशा चकत्यांची सूची १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. संग्राहक तिचे क्रमांक गोत्रासारखे सांगतात. त्या पुस्तकाच्या नावातच टोकन, चेक, धातूची तिकिटं, पास आणि टॅली असे पाच शब्द ओळीनं येतात. ते नाव वाचून मला बरं वाटलं. या वस्तूंना नेमकं काय म्हणावं हे सूचीकारालाही एका शब्दात सांगता आलेलं नाही, आणि ते प्रामाणिक आहे. पण बाजारात हे पाचही एकाच ट्रेमध्ये येतात, आणि माझी तक्रार तिथे आहे. कारण त्यांत फरक आहे, आणि तो फरक चकती हातात धरणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं मोठा होता.

टॅली हा शब्द मुळात लाकडाचा. मध्ययुगीन इंग्लंडात देणंघेणं लाकडाच्या काठीवर खाचा पाडून नोंदत, मग काठी उभी चिरत. अर्धी देणाऱ्याकडे, अर्धी घेणाऱ्याकडे. दोन्ही तुकडे जुळवले की खाचा जुळल्या पाहिजेत. एकट्यानं लबाडी करता येत नसे. इंग्लंडच्या सरकारी खजिन्यात अशा काठ्यांचे ढीग साठले होते. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी त्या भट्टीत जाळताना आग भडकली आणि पार्लमेंट जळालं. त्याच वर्षी १ ऑगस्टला ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी कायद्यानं संपली होती. गुलामांच्या मालकांना नुकसानभरपाई म्हणून दोन कोटी पौंड मंजूर झाले, माणसामागे मोजून. सुटलेल्यांना काही नाही, उलट 'उमेदवारी'च्या नावाखाली आणखी चार वर्षं त्याच मालकाचं बिनमोल काम. पोर्ट अँटोनिओच्या रांगेतल्या बायका या सुटलेल्या लोकांच्या नाती-पणती.

धातूची टॅली म्हणजे त्या चिरलेल्या काठीचा अर्धाच भाग. दुसरा अर्धा टॅली क्लार्कच्या वहीत. पण अर्धा का होईना, तो बाईच्या हातात होता. रांगेतल्या ज्यांना वाचता येत नसेल, त्यांना वहीत काय लिहिलंय हे तपासता येणार नव्हतं. पदराच्या गाठीतल्या किंवा दोऱ्यात ओवलेल्या चकत्या मात्र अंधारात चाचपूनही मोजता येत. वडिलांच्या गोदीत ही सोय नव्हती. एकदा एका जहाजावर त्यांच्या कागदात आणि जहाजाच्या माणसाच्या कागदात सात पोत्यांचा फरक आला. तीन दिवस हुज्जत चालली. शेवटी साहेबानं जहाजाचा आकडा धरला आणि त्या पाळीतल्या हमालांच्या मजुरीतून फरक वळता झाला. हमालांच्या हातात काही नव्हतं. वडिलांनी सही केली. हे त्यांनी मला चकती पाहिल्यावर काही दिवसांनी, रात्री जेवताना सांगितलं, आणि पुन्हा कधी सांगितलं नाही.

दुसरा प्रकार चिठ्ठीचा. ही कधी कागदाची, कधी धातूची. तिच्यावर रक्कम असते आणि ती कंपनीच्याच दुकानात चालते. बघायला दोन्ही सारख्या, म्हणून लिलावात दोन्ही 'मजुरीची टोकनं'. पण टॅली सांगते की इतकं काम झालं, आता पैसे द्या. चिठ्ठी सांगते की पैसे दिले, आता इथूनच पीठमीठ घ्या. कॅरिबियन समुद्राच्या पश्चिम आणि दक्षिण काठांवर, मुख्य भूमीवरच्या केळीच्या पट्ट्यात, या चिठ्ठीचं राज्य होतं. कोस्टा रिकातल्या लिमोन बंदरापासूनची रेल्वे १८९० मध्ये पूर्ण झाली. ती बांधायला आणि मग तिच्या दुतर्फा केळी लावायला जमैकाहून हजारो लोक गेले. त्यांच्यात १९१० च्या सुमारास एक तरुण होता, मार्कस गार्वी. पुढे जगभरच्या काळ्या लोकांची सर्वांत मोठी संघटना उभी करणारा हा माणूस तिथल्या मळ्यावर टाइमकीपर होता, म्हणजे मजुरांचे तास मोजणारा. हे वाचलं तेव्हा मी वडिलांना मुद्दाम जाऊन सांगितलं. "आपल्याच जातीचा निघाला," ते म्हणाले. जात म्हणजे मोजणाऱ्यांची.

कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर, सिएनागा आणि सांता मार्ताच्या आसपास, नोव्हेंबर १९२८ मध्ये युनायटेड फ्रूटच्या मजुरांनी संप केला. त्यांच्या नऊ मागण्यांत चिठ्ठ्यांनी मजुरी देणं बंद करा ही एक होती, कंपनीची दुकानं बंद करा ही दुसरी. बाकीच्या मागण्याही अशाच साध्या : आठवड्याची सुट्टी, विमा, राहायला बरी घरं. ५ डिसेंबरच्या रात्री सिएनागाच्या स्टेशनापाशी जमाव थांबला होता, आणि मध्यरात्र उलटल्यावर लष्करानं त्याच्यावर गोळ्या झाडल्या. मेले किती? जनरल कोर्तेस वार्गासनं ४७ हा आकडा कबूल केला. बोगोटातल्या अमेरिकन वकिलानं जानेवारी १९२९ मध्ये वॉशिंग्टनला कळवलं की कंपनीच्या प्रतिनिधीच्या सांगण्यानुसार मृत हजाराहून अधिक आहेत. त्याच पट्ट्यातल्या आराकाताकाला जन्मलेल्या गार्सिया मार्केसनं १९६७ च्या आपल्या कादंबरीत तीन हजार केले, आणि आता अनेकांच्या तोंडी तोच आकडा असतो. एकेका घडाची चकती देणाऱ्या या धंद्यात मेलेल्या माणसांची टॅली कुणाच्याच वहीशी जुळत नाही.

चिठ्ठीच्या बाजूच्या चकत्या मी घेत नाही. एकदा एक संच स्वस्तात चालून आला होता, पोर्ट लिमोनच्या बाजूचा, स्वच्छ, एकही ओरखडा नसलेला. नाही घेतला. यात फार तात्त्विक काही नाही. डब्यात त्या शेजारी ठेवायला मन होईना, इतकंच.

तिसरा प्रकार माणसालाच लावायचा. पनामा कालवा खणताना, १९०४ ते १९१४, बार्बाडोस आणि जमैकाच्या मजुरांना क्रमांक घातलेली पितळी चकती दिली जाई. पगाराच्या खिडकीत ती दाखवायची. आणि इथे आपला धागा येतो. १८४५ ते १९१७ या काळात गिरमिटावर छत्तीस हजारांहून जास्त हिंदी माणसं जमैकाला नेली गेली, प्रामुख्यानं कलकत्त्याहून, गंगेच्या खोऱ्यातली. पहिलं जहाज मे १८४५ मध्ये ओल्ड हार्बर बेला लागलं. आधी ऊस, पण शेवटच्या दशकांत पोर्टलंड, सेंट मेरी, सेंट थॉमस या भागांतले केळीचे मळेही. करारात पुरुषाला दिवसाला एक शिलिंग, बाईला नऊ पेन्स. कलकत्त्याच्या डेपोत जहाजावर चढण्याआधी प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्यानं टिनाचा बिल्ला अडकवत, क्रमांक घातलेला. गिरमिटियांवरच्या पुस्तकांत या टिनाच्या तिकिटाचा उल्लेख येतो आणि बहुतेक एका वाक्यात संपतो. मला मात्र तो वाचताना दर वेळी भोक आधी दिसतं. त्या बिल्ल्याला भोक कारखान्यातच पाडलेलं असणार, कारण तो अडकवण्यासाठीच केलेला. त्यावरचा आकडा माणसाचा. माझ्या पहिल्या चकतीचं भोक बाईनं किंवा तिच्या घरातल्या कुणीतरी खिळ्यानं पाडलेलं, वस्तू हरवू नये म्हणून. त्यावर तिचं काहीच नाही, पण ती तिची.

हे लिहिताना एक चूक कबूल केली पाहिजे. चौथी-पाचवी चकती आली तेव्हा मी नवखी होते. ती काळी पडली होती आणि भोकात काहीतरी मळकं अडकलं होतं. देवाची भांडी घासावीत तशी मी ती चिंचेच्या कोळात टाकली आणि चोळली. पितळ लखलखलं. भोकातला मळ बोटावर आला तेव्हा दिसलं, तो दोऱ्याचा तुकडा होता. पीळ अजून शाबूत होता. पाण्यानं ओला होऊन तो उलगडला आणि मोरीत गेला. कदाचित तो कुणा विक्रेत्यानं किमतीची चिठ्ठी बांधायला घातलेला असेल. कदाचित नसेल. तेव्हापासून मी कुठलीही चकती धूत नाही, कोरड्या कपड्यानंसुद्धा पुसत नाही.

हा धंदा संपला तो हळूहळू. पनामा रोग नावाची बुरशी जमिनीतून पसरत गेली आणि ग्रो मिशेल जात तिला बळी पडली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटननं १९४० च्या शेवटी केळ्यांची आयात थांबवली. युद्धानंतर जमैकाचा व्यापार पूर्वपदावर आला नाही. मग मुख्य भूमीवरच्या मळ्यांत कॅव्हेंडिश जाती आल्या. त्यांची साल नाजूक, म्हणून पन्नास-साठच्या दशकांपासून फण्या मळ्यावरच कापून, धुऊन, पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरू लागले. आज जळगावहून निघणारी केळीही त्याच कॅव्हेंडिश कुळातली. खोकी पट्ट्यावरून सरकत जहाजात जातात. अख्खा घड डोक्यावर घेऊन जहाजावर चढण्याचं काम उरलं नाही, आणि घडामागची टॅलीही.

मग वडिलांचा प्रश्न. ज्या टॅली परत दिल्या गेल्या त्या पुन्हा रांगेत आल्या, पुन्हा दिल्या गेल्या, झिजल्या, शेवटी धक्का बंद पडला तेव्हा पोत्यात भरून भंगारात गेल्या किंवा कंपनीच्या कुठल्या खोलीत राहिल्या. संग्राहकांकडे येणाऱ्या बऱ्याच चकत्या अशा खोल्यांतल्या. त्यांच्या मागे कुणाचं देणं नाही; त्या फक्त वाटायच्या शिल्लक राहिलेल्या. पण काही तशा नाहीत. ज्यांना घरी भोक पाडलंय, ज्यांच्यावर एकीकडूनच झीज आहे, त्या कुणाच्या तरी कमरेला किंवा गळ्याला राहिल्या असणार. आणि राहिल्या म्हणजे परत गेल्या नाहीत. एका घडाची मजुरी कधी मिळालीच नाही. हरवली असेल, आणि पुढच्या पावसात अंगणात सापडली असेल. खिडकी लवकर बंद झाली असेल. क्लार्कनं नाही म्हटलं असेल. पोराच्या गळ्यात घातली असेल. रक्कम म्हणाल तर नगण्य. पण बाजाराचा नियम असा की चकती जितकी दुर्मिळ तितकी महाग, आणि हे देणं मी चौपट-पाचपट किमतीला विकत घेऊन बसले आहे, भलत्याच माणसाला पैसे देऊन.

वडिलांना शेवटच्या वर्षी दिसत कमी होतं. दुपारी ते डबा मागवून घेत आणि चकत्या बोटांनी चाचपून दोन ढीग करत : एकीकडे खोलीत राहिलेल्या, दुसरीकडे अंगावर राहिलेल्या. कोरी धार, भोक, झीज, सगळं ते अंगठ्यानं बघत. मी डोळ्यांनी लावलेल्या ढिगांत आणि त्यांच्या ढिगांत दोन-तीन चकत्यांचा फरक असे, आणि त्यावरून आमचं होई. आता दोन वेगळे डबे केले आहेत. एकात सव्वीस, दुसऱ्यात चौदा. एक ॲल्युमिनियमची अष्टकोनी चकती आहे, तिला भोक पाडायला कुणीतरी सुरुवात केली होती आणि अर्ध्यावर सोडली. ती त्यांनी कुठल्याच ढिगात घातली नव्हती. मीही अजून घातलेली नाही.